आरमध्ये कॉलमची नावे: कच्च्या फाइलीपासून जोडणीपर्यंत, कोणत्या क्रमाने काय करायचे

आर या आकडेवारीसाठीच्या संगणकभाषेत कॉलमचे नाव बदलणे हे एका ओळीचे काम आहे आणि ती ओळ कुठेही सापडते. चुका होतात त्या क्रमात. नावे मधेच, गरज पडेल तशी बदलली जातात. काही एक्सेलमध्ये हाताने, काही आरमध्ये क्रमांकाने. मग पुढच्या वर्षीची फाइल येते, एक कॉलम पुढे सरकलेला असतो, आणि पुरुषांच्या आकड्यांवर स्त्रियांचे नाव चढते. आर काहीच बोलत नाही. म्हणून या लेखात भर आहे तो चूक झालीच तर ती लगेच, लाल अक्षरांत दिसेल अशा मांडणीवर.

उदाहरणासाठी २०११ च्या जनगणनेची 'प्रायमरी सेन्सस अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' ही फाइल घेतली आहे (पुढे 'पीसीए'). सोबत तालुका पातळीवर भरून येतात तशा मराठी शीर्षकांच्या एक्सेल शीटही आहेत. फंक्शनांची आणि कॉलमची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती मूळ रोमन स्पेलिंगमध्येच टाइप करायची.

## १. फाइल आरमध्ये नेण्याआधी

मूळ फाइल 'कच्चा' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. एक्सेलमध्ये उघडून शीर्षक 'जरा नीट करणे' हाच पुढच्या गोंधळाचा उगम असतो. तो बदल कुठेच नोंदला जात नाही, आणि सुधारित फाइल आली की तोच बदल आठवणीने पुन्हा करावा लागतो.

सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) असेल तर रीडलाइन्स वापरून पहिल्या पाच ओळी जशाच्या तशा छापून पाहा. तीन गोष्टी शोधायच्या: शीर्षकाच्या वर संस्थेचे नाव किंवा तारीख अशा जादा ओळी आहेत का, शीर्षक एका ओळीत आहे की दोन, आणि शीर्षकाखाली '१, २, ३, ४' अशी कॉलम क्रमांकांची ओळ आहे का. सरकारी तक्त्यांत ही शेवटची ओळ सर्रास असते. ती डेटा म्हणून वाचली गेली की प्रत्येक बेरजेत चिमूटभर चूक शिरते, आणि इतकी लहान चूक सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

दोन ओळींचे शीर्षक. वर 'खरीप' आणि 'रब्बी' असे जोडलेले सेल, खाली प्रत्येकी 'क्षेत्र', 'उत्पादन'. जोडलेल्या सेलमधला मजकूर फक्त पहिल्या सेलमध्ये असतो, बाकीचे रिकामे वाचले जातात. यावर उपाय असा:

१. रीड_एक्सेलने फक्त त्या दोन ओळी, कोल_नेम्स = फॉल्स देऊन वाचा.
२. वरच्या ओळीतल्या रिकाम्या जागा डावीकडच्या मजकुराने भरा. ओळ उभी करून टायडीआर या पॅकेजचे (पॅकेज म्हणजे आरमध्ये वेगळे घ्यावे लागणारे फंक्शनांचे गाठोडे) फिल वापरले की होते.
३. दोन्ही ओळी पेस्टने अंडरस्कोर घालून जोडा: 'खरीप_क्षेत्र', 'खरीप_उत्पादन', 'रब्बी_क्षेत्र'…
४. आता डेटा वेगळा वाचा आणि ही यादी कोल_नेम्सला द्या.

> सावधान: रीडएक्सेल पॅकेज सुरुवातीच्या पूर्ण रिकाम्या ओळी आपोआप वगळते. त्यामुळे स्किपसाठी (वरच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा) मोजलेल्या ओळी चुकू शकतात. रेंज (वाचायच्या सेलचा पट्टा) देऊन वाचले की स्किपकडे लक्षच दिले जात नाही, आणि तेच बरे.

## २. वाचताना नावे बदलू देऊ नका

वाचणारे प्रत्येक फंक्शन नावांशी आपापल्या पद्धतीने वागते. हे माहीत नसल्यामुळेच 'माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का नाही' हा प्रश्न उभा राहतो.

बेस आरचे (पॅकेजांशिवायचा मूळ आर) रीड.सीएसव्ही मुळात चेक.नेम्स = ट्रू धरून चालते. म्हणजे मोकळी जागा, कंस, तिरकी रेघ यांच्या जागी टिंब येते. अंकाने सुरू होणाऱ्या नावाआधी एक्स लागतो. दुसऱ्यांदा आलेल्या नावाला '.१' चिकटते. पीसीएमधला 'टाउन/व्हिलेज' हा कॉलम 'टाउन.व्हिलेज' होतो आणि '२०१९-२०' हे कृषी वर्ष 'एक्स२०१९.२०' बनते. रीडआर पॅकेजचे रीड_सीएसव्ही आणि रीडएक्सेल जागा-कंस तसेच ठेवतात, पण नाव दोनदा आले तर दोन्हींना कॉलमचा क्रमांक लावतात: 'एकूण...३' आणि 'एकूण...७'. रिकाम्या शीर्षकाला नुसते '...४' मिळते. डेटा.टेबल पॅकेजचे एफरीड दुहेरी नावे तशीच राहू देते आणि रिकाम्याला व्ही४ सारखे नाव देते.

यातला 'एकूण...७' सगळ्यात धोकादायक. हे नाव कोडमध्ये लिहिले की तुमचे कोड सातव्या स्थानाला बांधले गेले. पुढच्या फाइलीत अलीकडे एक कॉलम वाढला, की ते 'एकूण...८' होते.

म्हणून पहिल्या वाचनात दुरुस्ती बंद ठेवा. बेस आरमध्ये चेक.नेम्स = फॉल्स; रीडआरमध्ये नेम_रिपेअर आणि रीडएक्सेलमध्ये त्याआधी टिंब असलेले तेच आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची सूचना), दोन्हींना 'मिनिमल'. नावे वाकडीतिकडी दिसतील. दिसू द्या, ती फाइलीत जशी आहेत तशी पाहणे हाच उद्देश आहे.

दोन खास अडचणी. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला बॉम नावाचे न दिसणारे चिन्ह असते. विंडोजवर रीड.सीएसव्हीने वाचल्यास पहिल्याच कॉलमच्या नावाआधी विचित्र अक्षरे येतात, आणि जोडणीची किल्ली (दोन टेबले ज्यावरून जुळवतात तो कॉलम) बहुधा पहिलाच कॉलम असतो. फाइलएन्कोडिंगला 'यूटीएफ-८-बॉम' द्या. रीडआर हे चिन्ह स्वतःच काढून टाकते. दुसरी अडचण जुन्या आरची: विंडोजवर ४.२.० (२०२२) च्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी शीर्षके अक्षरांऐवजी युनिकोड क्रमांकांच्या रूपात छापली जातात. तिथे जुगाड करत बसण्यापेक्षा आर अद्ययावत करा.

तपासणी: एनकॉलचे उत्तर एक्सेलमध्ये मोजलेल्या कॉलमइतके आहे का? नेम्सवर एनीडुप्लिकेटेड चालवल्यावर ० येते का? रिकामे नाव एकही नाही ना? दुहेरी नाव निघाले तर इथेच थांबा. कोणता 'एकूण' कशाचा आहे हे मूळ तक्त्यात पाहून ठरवा आणि दोघांना वेगळी नावे द्या. डीप्लायर पॅकेजचे रीनेम दुहेरी नावांच्या टेबलावर पुढे जात नाही, हे त्याचे चांगलेच आहे.

## ३. न दिसणाऱ्या अक्षरांची साफसफाई

'कॉलम समोर दिसतोय, तरी सापडत नाही म्हणतो' या तक्रारीमागे जवळपास नेहमी हे कारण असते.

सोपा प्रकार: नावाच्या शेवटी मोकळी जागा, किंवा सेलमध्ये ऑल्ट-एंटर मारून केलेली नवी ओळ. ट्रिमडब्ल्यूएस दोन्ही टोके साफ करते, पण त्याच्या नेहमीच्या व्याख्येत न तुटणारी जागा बसत नाही. वेबपेजवरून चिकटवलेल्या तक्त्यांत नेमकी तीच असते. व्हाइटस्पेस या आर्ग्युमेंटसाठीचा सर्व प्रकारच्या जागा पकडणारा पॅटर्न त्या फंक्शनच्या मदतपानावरच दिलेला आहे, तो वापरा. नावाच्या मध्ये अडकलेली नवी ओळ मात्र ट्रिमने निघत नाही, ती जीसबने एका साध्या जागेत बदलावी लागते.

मराठी शीर्षकांचा प्रकार अवघड. 'शेतकऱ्याचे नाव' हे शीर्षक दोन तालुक्यांच्या फाइलींत अगदी सारखे दिसते, पण आर ते वेगळे मानतो. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: कोणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि 'य' वापरतो, तर कोणी साधा 'र', हलन्त, न दिसणारा जोडक आणि 'य'. पडद्यावर फरक शून्य, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. शिवाय 'ऱ' हाच कधी एक अक्षर म्हणून, तर कधी 'र' आणि नुक्ता अशा दोन तुकड्यांत साठवलेला असतो.

क्रम असा ठेवा:

१. स्ट्रिंगआय पॅकेजच्या एनएफसी (युनिकोडचे एकसारखे, जोडलेले रूप) रूपांतरातून सगळी नावे काढा. 'र' अधिक नुक्ता एकत्र होऊन 'ऱ' होतो.
२. 'र', हलन्त आणि जोडक ही तिकडी शोधून तिच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घाला. हे एनएफसी करत नाही.
३. त्यानंतरच उरलेले न दिसणारे जोडक आणि विभाजक पुसा. दुसरी पायरी विसरून आधी जोडक पुसलात, तर 'शेतकऱ्याचे' मधला 'ऱ्य' जाऊन 'र्य' होतो आणि पुन्हा जुळत नाही.
४. शेवटी जागा छाटा.

शंका असलेले नाव यूटीएफ८टूइंट या फंक्शनला द्या. प्रत्येक अक्षराचा क्रमांक मिळतो, आणि दोन नावांच्या याद्या शेजारी ठेवल्या की फरक कुठे आहे ते कळते. डोळ्यांवर विसंबू नका.

## ४. नावांचा नियम आधी कागदावर

कोडमधली नावे रोमन, लहान लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. आणि वाचकाला दिसणारे मराठी शीर्षक वेगळे, लेबल म्हणून. माझे मत ठाम आहे, कारण नावात कोणते अक्षर चालेल हे आरमध्ये संगणकावर आणि लोकॅलवर (संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवर) अवलंबून असते. देवनागरी नाव तुमच्याकडे चालेल आणि सहकाऱ्याकडे बॅकटिक (नावाभोवतीचे तिरपे अवतरणचिन्ह) मागेल. मराठीचा आग्रह आलेख आणि अहवालात जरूर धरा, किल्लीच्या कॉलममध्ये नको.

एकक नावात हवे: 'क्षेत्र' नव्हे, 'क्षेत्र_हे' (हेक्टर) किंवा 'क्षेत्र_एकर'. क्रम मोठ्याकडून लहानाकडे: 'लोक_एकूण', 'लोक_पुरुष', 'लोक_स्त्री'. मग 'लोक' ने सुरू होणारे सगळे कॉलम स्टार्ट्स_विथने एकदम निवडता येतात.

जॅनिटर पॅकेजचे क्लीन_नेम्स हे सगळे एका फटक्यात करते म्हणून लोक तिथेच थांबतात. इंग्रजी शीर्षकांसाठी ते उत्तम आहे. मराठी शीर्षकांचे ते रोमन लिप्यंतर करते आणि उच्चारभेदाची चिन्हे टाकून देते. 'ट' आणि 'त' एकच, 'ण' आणि 'न' एकच, ऱ्हस्व-दीर्घही एकच. 'गट' आणि 'गत' अशी दोन शीर्षके असतील तर दुसऱ्याला '_२' लागते, आणि त्या दोनाचा अर्थ काय हे महिन्याभराने तुम्हालाही सांगता येत नाही. पहिला मसुदा म्हणून वापरा, अंतिम नाव म्हणून नको.

## ५. नावांचा नकाशा

हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आणि सगळ्यात उपयोगाचा. एक छोटी सीएसव्ही करा, तीन कॉलमची: जुने, नवे, लेबल. पीसीएसाठी काही ओळी:

- नो_एचएच → कुटुंबे → 'कुटुंबांची संख्या'
- टीओटी_पी → लोक_एकूण → 'एकूण लोकसंख्या'
- टीओटी_एम → लोक_पुरुष → 'पुरुष'
- टीओटी_एफ → लोक_स्त्री → 'स्त्रिया'
- पी_०६ → वय_०_६_एकूण → '० ते ६ वयोगट'
- पी_एलआयटी → साक्षर_एकूण → 'साक्षर व्यक्ती'

लेबल लिहिताना व्याख्याही लक्षात घ्या. जनगणनेतला साक्षरता दर सात वर्षे आणि त्यावरील लोकसंख्येवर काढतात, म्हणजे भाजक लोक_एकूण वजा वय_०_६_एकूण. पी_०६ चे नाव नुसते 'पी६' ठेवलेत तर हे वजाबाकीचे नाते पुढच्या माणसाला दिसणार नाही.

नकाशा कोडच्या आत न लिहिता बाहेरच्या फाइलीत ठेवण्याचा फायदा म्हणजे आर न येणारा सहकारीही तो वाचून चुका काढू शकतो.

तपासणी: सेटडिफ दोन्ही बाजूंनी चालवा. फाइलीत आहे पण नकाशात नाही, आणि नकाशात आहे पण फाइलीत नाही. दोन्हींपैकी एका यादीतही काही सापडले तर स्टॉपइफनॉटने काम थांबवा.

## ६. प्रत्यक्ष बदल

नकाशातून सेटनेम्सने नाव लावलेली यादी बनवा. मूल्य म्हणजे जुने नाव, त्यावरचे नाव म्हणजे नवे. ती रीनेमला ऑल_ऑफमध्ये घालून द्या. जुने नाव सापडले नाही तर ऑल_ऑफ थांबते. एनी_ऑफ मुकाट पुढे जाते. एखादा कॉलम काही वर्षी असतो, काही वर्षी नसतो हे माहीत असेल तेव्हाच ते वापरा.

इथल्या नेहमीच्या चुका:

क्रमांकाने नाव देणे. नेम्स(पीसीए)[११] <- 'लोक_एकूण'. आज बरोबर, उद्या कदाचित चूक, आणि इशारा कधीच नाही.

न जुळता झालेला बदल. नेम्सच्या कंसात 'जुने नाव बरोबर हे' अशी अट घालून बदलण्याची पद्धत लोकप्रिय आहे. जुन्या नावात एक अक्षर चुकले तर काहीच बदलत नाही आणि त्रुटीही येत नाही.

उलटी दिशा. डीप्लायरच्या रीनेममध्ये डावीकडे नवे, उजवीकडे जुने. जुन्या प्लायर पॅकेजच्या रीनेममध्ये नेमके उलट. दोन्ही पॅकेजे लोड असतील तर शेवटी लोड झालेले चालते. डीप्लायर::रीनेम असे पूर्ण लिहा.

डेटा.टेबलचा जागच्या जागी बदल. सेटनेम्स मूळ टेबलच बदलते. 'जुनी <- नेम्स(टेबल)' करून यादी जपली असे वाटते, पण सेटनेम्सनंतर ती यादीही बदललेली दिसते. कॉपी(नेम्स(टेबल)) करा. डेटा.टेबलचे सेटनेम्स आणि बेस आरचे सेटनेम्स ही दोन वेगळी फंक्शने आहेत. दुसऱ्यात मधला एन मोठा आहे.

डॉलरचा अर्धवट जुळणारा स्वभाव. साध्या डेटा फ्रेममध्ये (आरमधल्या नेहमीच्या टेबलात) पीसीए$साक्षर लिहिले आणि 'साक्षर' ने सुरू होणारा एकच कॉलम असला, तर आर तोच देतो. मात्र पीसीए$साक्षर ला मूल्य दिले की नवा कॉलम तयार होतो. म्हणजे वाचले एकातून, लिहिले दुसऱ्यात. आणि नाव अजिबात नसले तर नल (म्हणजे काहीच नाही) मिळते, नलची बेरीज ०. अहवालात शून्य छापले जाते. टिबल (अर्धवट नाव न जुळवणारे डेटा फ्रेमचे रूप) वापरा, किंवा ऑप्शन्समध्ये वॉर्नपार्शियलमॅचडॉलर सुरू ठेवा.

तपासणी, सगळ्यात महत्त्वाची: नाव बरोबर लागले की नाही हे आकड्यांवरून पडताळा. पीसीएमध्ये राज्य, जिल्हा आणि त्याखालच्या ओळी एकाच फाइलीत असतात, आणि टीआरयू कॉलममध्ये एकूण, ग्रामीण, नागरी असे वेगळे. महाराष्ट्राच्या फक्त जिल्हा पातळीच्या, 'एकूण' प्रकारच्या ओळी घ्या. २०११ मध्ये जिल्हे ३५ होते, पालघर २०१४ मध्ये झाला. लोक_एकूणची बेरीज ११,२३,७४,३३३ यायला हवी. लोक_पुरुष ५,८२,४३,०५६ आणि लोक_स्त्री ५,४१,३१,२७७. 'पुरुष अधिक स्त्री बरोबर एकूण' एवढ्यावर समाधान मानू नका, कारण नावांची अदलाबदल झाली तरी ती बेरीज जुळतेच. स्वतंत्र आकडा पडताळावाच लागतो.

## ७. अनेक फाइली एकत्र करताना

प्रत्येक फाइल टप्पा ३ ते ६ मधून वेगवेगळी काढा, मग जोडा. आधी जोडून नंतर नावे नीट करू असे म्हणणारा बाइंड_रोजमध्ये (टेबले एकाखाली एक जोडणारे फंक्शन) सापडतो. एका तालुक्याने 'एकूण' लिहिले, दुसऱ्याने 'एकुण', की दोन कॉलम तयार होतात, दोन्ही अर्धे रिकामे. वर बेरजेत एनए.आरएम = ट्रू (रिकाम्या किमती वगळा) असले की निम्मा जिल्हा गायब होतो. बेस आरचे आरबाइंड अशा वेळी सरळ थांबते. त्याचा राग येतो, पण तो इथे तुमच्या बाजूने आहे.

आडव्या जोडणीत बाय (किल्लीच्या कॉलमचे नाव) नेहमी लिहा. न लिहिल्यास लेफ्ट_जॉइन दोन्ही टेबलांतली सगळी समान नावे किल्ली मानते. एकीकडे 'नाव' म्हणजे जिल्हा, दुसरीकडे 'नाव' म्हणजे तालुका असेल तर बहुतेक ओळी जुळणार नाहीत. जोडणीनंतर '.एक्स' आणि '.वाय' शेपट्या दिसल्या तर त्या नंतर छाटू नका. मागे जाऊन नकाशात त्या दोन कॉलमना वेगळी नावे द्या.

## ८. नावात दडलेले वर्ष

'पाऊस_२०१९', 'पाऊस_२०२०' अशी नावे ही खरे तर नावे नाहीत, डेटा आहे. पिव्हट_लाँगरने ती उभी करा: नेम्स_प्रिफिक्समध्ये 'पाऊस_', नेम्स_टूमध्ये 'वर्ष', आणि नेम्स_ट्रान्सफॉर्ममध्ये अ‍ॅज.इंटिजर. शेवटचे विसरलात तर वर्ष मजकूर म्हणून राहते. वर्ष देवनागरी अंकांत असेल तर अ‍ॅज.इंटिजर एनए (रिकामी किंमत) देते. आधी चार्टीआरने दहाही अंक बदलून घ्या. हे काम टप्पा ६ नंतरच.

## ९. बाहेर काढताना

राइट.सीएसव्हीला रो.नेम्स = फॉल्स द्या. नाहीतर पहिला, बिननावाचा कॉलम तयार होतो. तो पुन्हा वाचला की 'एक्स' होतो, पुन्हा लिहिला-वाचला की 'एक्स.१' येतो. फाइलीत असे कॉलम दिसले तर ती किती हातांतून गेली ते समजावे.

फाइल एक्सेलमध्ये उघडणाऱ्यांसाठी असेल तर रीडआरचे राइट_एक्सेल_सीएसव्ही वापरा. ते सुरुवातीला बॉम घालते, त्यामुळे देवनागरी नीट दिसते. मराठी शीर्षके शेवटच्या क्षणी, नकाशातल्या लेबलवरून आणि फक्त बाहेर जाणाऱ्या प्रतीवर लावा. लिहिलेली फाइल लगेच परत वाचून तिची नावे लेबलांच्या यादीशी आयडेंटिकलने ताडून पाहा, आणि फाइल पाठवताना नकाशाची सीएसव्हीही सोबत जोडा.